चाळीस दिवस संशय बंद

माणसं जशी आहेत तशी वागत असली की त्यांचे किस्से होत नाहीत. नीट वागायचं ठरवलं, की मग ढिगानं होतात! मागच्या उपवासकाळात, ईस्टरच्या आधी, आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सात जणांनी नीट वागायचं ठरवलं. तेव्हापासून मला कुणी चहाला बोलावलं की मी आधी विचारतो, "तासभर वेळ हाय का?"

आधी माझं सांगतो. मी रिटायर्ड हायस्कूल मास्तर, घर बीडातच. शिकवलं गणित, पण नाव झालं भरारी पथकामुळं. दहावी-बारावीच्या परीक्षेत कॉपी पकडायला जी जीप फिरते, तिच्यात मी चौदा वर्षं बसलो. बाह्या, मोजे, कंपासपेटीचं बूड, पाण्याच्या बाटलीच्या लेबलाची आतली बाजू, काही सोडलं नाही. पोरगं पेनाचं टोपण किती वेळा काढतं-घालतं यावरून सांगायचो, याच्याकडं माल हाय का न्हाई. माणूस समोर आला की यानं काय लपवलंय, हा पहिला विचार. नोकरी संपली, खोड राहिली.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, नवे, वय तिशीचं. उपवासकाळाचा पहिला दिवस म्हणजे भस्म बुधवार, त्याची उपासना झाल्यावर त्यांनी आम्हा सात जणांना थांबवून घेतलं. म्हणाले, "ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस प्रत्येकानं एकच गोष्ट सोडायची. मोठमोठ्या गोष्टी नकोत. एक धरा आणि नेटानं पाळा, आत्मसंयम तिथूनच सुरू होतो. दर शनिवारी संध्याकाळी पाचला जमायचं. एकेकानं उभं राहायचं आणि एकच शब्द बोलायचा, 'पाळलं' किंवा 'मोडलं'. कारण सांगायचं नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, कुणी कुणाला काही विचारायचं नाही."

मी हात वर केला. "साहेब, मग खरं-खोटं कळणार कसं?"

"नाही कळणार, मास्तर."

चौदा वर्षांत मी असलं परीक्षा केंद्र बघितलं नव्हतं!

*

नेम ठरायला लागले. याकोबभाऊ रिक्षा चालवतात, त्यांनी तंबाखू सोडली. एस्तेर एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात बसते, तिनं व्हॉट्सॲप सोडलं. मार्थाकाकू म्हणजे रिटायर्ड नर्स, त्यांनी सकाळची झोप सोडली, रोज पाचला उठून प्रार्थना करणार. मी म्हणालो, "मी चहा सोडतो."

मागच्या बाकावरून आमची सुमन उठली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कधी तोंड उघडलं नव्हतं बाईनं. "चहा नगं साहेब. ह्यांना संशय सोडाया लावा!"

टाळ्या वाजल्या हो, देवळात! मी म्हणालो, "संशय काय चहा-तंबाखू आहे का सोडायला?"

"त्याच्यापेक्षा वाईट हाय," सुमन म्हणाली. "तंबाखूनं खाणाऱ्याचंच तोंड जळतं."

सगळ्यांसमोर कागदावर लिहून द्यावं लागलं. कुणावर संशय घ्यायचा नाही, कुणाला तपासायचं नाही. घरी आल्याबरोबर सुमननं अमोलला फोन लावला.

अमोल आमचा एकुलता एक. नांदूरघाटला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. नांदूरघाट म्हणजे काही अमेरिका नाही, सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला आरामात पोचतो. तरी सहा वर्षं तो आमच्या घराची पायरी चढलेला नव्हता. त्याची पोरगी परी सहा वर्षांची होत आली, आणि मी तिला फोनच्या काचेतच बघत होतो. याला कारण मीच. ते सांगतो पुढं.

फोन स्पीकरवर होता. नेमाचं ऐकून अमोल आधी हसला. "अण्णा? आन चाळीस दिवस?" मग म्हणाला, "आई, अण्णांनी हे खरंच केलं ना, तर ईस्टरला आमी येतो. परीला घेऊन."

सुमन माझ्याकडं बघत राहिली. मी लगेच मान डोलावली. अहो, नातीला एकदा मांडीवर घ्यायचं होतं मला. त्याच्यासाठी चहा काय, जेवण सोडलं असतं. पण सोडायचा होता संशय!

*

दुसऱ्या शनिवारी याकोबभाऊ उभे राहिले आणि ठणकावून म्हणाले, "पाळलं!"

तीस वर्षांची तंबाखू, आणि माणूस साधा खाकरतसुद्धा नव्हता. मला काही ते पचेना. सोमवारी सकाळी मी त्यांच्या रिक्षात जाऊन बसलो.

"कुठं जायचं मास्तर?"

"बसस्टँड."

बसस्टँड आलं. "उतरा."

"आता परत घरी."

त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. लांबच्या नारायणगडाचं भाडं विचारत एक कुटुंब समोर आलं, त्यांना नाही म्हणाले आणि रिक्षा वळवली. वाटेत पंपावर पेट्रोलला उतरले. तेवढ्यात मी पुढं वाकलो आणि त्यांच्या सीटखाली हात घातला. पुडी! कागदात गुंडाळलेली, वरून रबर. इतक्या वर्षांचा अनुभव, हाताला बरोबर लागतं! रबर काढलं, कागद उघडला. आत शेंगदाणे आणि गूळ.

मान वर केली तर याकोबभाऊ समोर उभे. "घ्या की मास्तर. तलफ आली की चार दाणे तोंडात टाकतो. पँट बसंना झाली माझी." मग हळूच म्हणाले, "मास्तर, तुमी काय सोडलंय म्हणलते?"

"मी ते... सीट ढिली वाटली, म्हणून बघत होतो."

"ढिली सीट माझी हाय. तुमी मागं बसलाव."

त्या शनिवारी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पाळलं." कुणी काही विचारलं नाही. विचारायचंच नव्हतं ना! तुम्ही म्हणाल, मास्तर, ही तर सरळ कॉपी झाली. मी त्याला ग्रेस मार्क म्हणतो.

*

पाळकसाहेबांनी स्वतःसाठी दर शुक्रवारी मोबाईल बंद ठेवायचा नेम घेतला होता. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, फोन नाही, मेसेज नाही, काही नाही.

चौथ्या शुक्रवारी दुपारी माझ्या मोबाईलवर एक फोटो आला. पाळकसाहेबांच्या व्हॉट्सॲपचा. नावाखाली लिहिलेलं, लास्ट सीन, आज, एक वाजून बारा मिनिटं! आणि फोटोखाली एक ओळ होती, "मास्तर, हे कसं काय?"

मी चष्मा पुसून तीनदा बघितलं. पुरावा पक्का. साहेबांना विचारायचं नाही हे मला माहीत होतं, म्हणून न विचारता विचारायची वाक्यं तयार करायला बसलो. "काल ऊन लई होतं नाही साहेब? साधारण एकच्या सुमाराला?" असं काहीतरी.

सुमन शेजारी मेथी निवडत होती. म्हणाली, "फोटो कुणी धाडला?"

"एस्तेरनं."

"कशावर?"

"व्हॉट्सॲपवर."

"आन एस्तेरनं काय सोडलंय?"

शनिवारी पाळकसाहेब उभे राहिले आणि खाली बघून म्हणाले, "मोडलं." नंतर एस्तेर उभी राहिली. म्हणाली, "पाळलं." मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पाळलं."

*

आम्हा प्रत्येकाला चिठ्ठी टाकून एक जोडीदार दिला होता. त्यानं फोन करायचा, धीर द्यायचा, दुसऱ्यासाठी प्रार्थना करायची. माझ्या चिठ्ठीत निघाल्या मार्थाकाकू.

रोज सकाळी पाचला त्यांचा फोन. "उठलाव का मास्तर? मी तर बसले बघा प्रार्थनेला."

आवाज जड. मागं पंख्याची घरघर. आता मला सांगा, प्रार्थनेला पंखा कावून लागतो? बाई अंथरुणातून बोलते, फोन ठेवते आणि कूस बदलून झोपते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तरी मी दम धरला. सव्विसाव्या दिवशी सुटला. पावणेपाचला चपला घातल्या आणि त्यांच्या गल्लीत गेलो. कुत्री मागं लागली, एकाला मी दगड दाखवला.

काकूंच्या ओट्यावर दिवा लागलेला. टेबलफॅन सुरू, डास लागू नयेत म्हणून. दोन खुर्च्या मांडलेल्या. एकीवर शाल घेऊन काकू, दुसरी रिकामी.

"या, बसा," काकू म्हणाल्या. "खुर्ची तिसऱ्या दिवसापासून मांडते रोज. म्हणलं, आज येतील, उद्या येतील. लई दम धरलाव की हो तुमी!"

बसावं लागलं. मग त्यांनी प्रार्थना केली. माझ्यासाठी. माझं नाव घेऊन, वॉर्डात पेशंटला हाक मारतात तेवढ्या मोठ्यानं. समोरच्या घरातला माणूस दात घासत बाहेर आला आणि पूर्ण होईपर्यंत ऐकत उभा राहिला.

त्या शनिवारी मी "पाळलं" म्हणालो, तेव्हा मार्थाकाकू खोकल्या. नर्सबाई उगाच खोकत नसते.

*

आता अमोलचं सांगतो. हे मी चहावर सांगत नाही, पण एवढं ऐकलंत तर हेही ऐका.

त्याची दहावी होती. गणिताचा पेपर. स्वतःचं पोरगं बसलेल्या केंद्रावर जायचं नसतं, त्या दिवशी आमची जीप दुसरीकडंच चालली होती. वाटेत निरोप आला आणि गाडी नेमकी तिथं वळली. मी जीपमध्ये बसून राहिलो असतो तर कुणी काही म्हणालं नसतं. पण मला वाटलं, लोक म्हणतील मास्तरनं पोराला वाचवलं. म्हणून हॉलमध्ये शिरलो आणि सगळ्यांत आधी त्यालाच उठवलं.

"अण्णा, माझ्याकडं काही न्हाई," तो म्हणाला.

"मी इथं अण्णा नाही," मी म्हणालो.

बूट काढायला लावले. पट्टा काढायला लावला. शर्ट काढायला लावला. सगळा हॉल बघत होता, पोरीसुद्धा. काही सापडलं नाही. एक कागदाचा कपटा नाही. त्याची वीस मिनिटं गेली, आणि मग हात एवढा कापत होता की आकृत्या काढता येईनात. गणितात माझ्यासारखाच हुशार होता हो, पण मार्क कसेबसे पडले.

बाहेर आल्यावर जीपमधले सगळे म्हणाले, "मास्तर, मानलं! पोटच्या पोराला सोडलं न्हाई!" मी छाती काढून घरी आलो. आणि जेवताना त्याला विचारलं, "कुठं लपवलं होतंस रे?"

विचारलं मी! काही सापडलं नव्हतं, तरी विचारलं. आज आठवलं की स्वतःची लाज वाटते.

 तेवढं त्यानं गिळलं. वर्षं गेली, शिकला, लग्न झालं, नोकरीची ऑर्डर आली. पेढे घेऊन घरी आला, सोबत सून, तिला सातवा महिना. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणालो, "वशिला कुणाचा लावलास?"

त्यानं पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवला, बायकोचा हात धरला आणि निघून गेला. ती सहा वर्षं.

*

आमच्या कोपऱ्यावर शिवअप्पांचं किराणा दुकान आहे. अप्पा लिंगायत, सोमवारचा उपास कडक. उपासाच्या बाबतीत स्वतःला फार जाणकार समजतात. माझ्या चाळीस दिवसांवर त्यांचं बारीक लक्ष होतं.

"मास्तर, तुमच्यात साबुदाणा चालतो का?"

"चालतो."

"भगर?"

"चालते."

"अंडं?"

"खाणारे खातात."

"मग उपास कशाचा हो हा?"

"अप्पा, माझा उपास संशयाचा आहे. चाळीस दिवस कुणावर संशय घ्यायचा नाही."

 अप्पा गल्ल्यावरून पुढं वाकले आणि आवाज खाली आणला. "तुमचे पाळक शुक्रवारी काही खात न्हाईत म्हणं. काल भर दुपारी माझ्याकडून बिस्किटचा पुडा घेऊन गेले. मी आपलं सांगितलं."

साहेबांचा नेम मोबाईलचा होता, खाण्याचा नव्हता, तरी मला खाज सुटली. मी दातांखाली जीभ धरली. मनात म्हणालो, देवा, ईस्टर आठ दिवसांवर आलंय, एवढ्यातून काढ मला. विषय बदलायला साखर मागितली. अप्पांनी साखर मापली, पुडा बांधला. मी पैसे दिले, पिशवी घेतली, पायरी उतरलो. चार पावलं गेलो. पाचव्या पावलाला परत फिरलो.

"अप्पा, कोणतं बिस्कीट?"

"क्रीमचं," अप्पा म्हणाले. "मास्तर, तुमचा उपास सुटला बरं का!"

*

हे झालं शनिवारी सकाळी. संध्याकाळी पाचला आम्ही जमलो. सहावा शनिवार.

माझ्या आधी याकोबभाऊंचा नंबर होता. ते उठले, टोपी काढून हातात धरली. "मोडलं," म्हणाले. आणि बसले. सहा आठवडे शेंगदाणे खाल्लेला माणूस! मला वाटलं, आता कुणीतरी हसेल, कुणीतरी विचारेल. कुणी काही विचारलं नाही. मार्थाकाकूंनी आपली पाण्याची बाटली तेवढी त्यांच्याकडं सरकवली.

मग मी उठलो. "पाळलं" अगदी ओठावर होतं. सुमन मागच्या बाकावर बसलेली, हात जोडून. मोडलं म्हणालो तर पोरगं येणार नाही, परी येणार नाही, आणि हिचं तोंड मला बघवणार नाही, हे सगळं मला कळत होतं. पाळलं म्हणालो तर कुणाचा बाप विचारणार नव्हता.  माझ्याकडं काही न्हाई, असं ते पोरगं खरं बोललं होतं आणि मी मानलं नव्हतं. आता मी खोटं बोलत होतो आणि सगळे मानत होते.

"मोडलं," मी म्हणालो. "सगळेच शनिवार मोडलं."

एकापेक्षा जास्त शब्द झाले. पाळकसाहेबांनी टोकलं नाही.

 घरी आल्यावर सुमननं फोन लावला, मी पाणी पीत उभा राहिलो. "अमोल, ह्यांनी मोडलं रे," ती रडतच म्हणाली.

"कुणी पकडलं?"

"कुणी न्हाई. सोताच उभं राहून म्हणले."

 मग अमोल म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

त्या एका "बरं"वर मी आठ दिवस काढले. बरं म्हणजे येतो, की बरं म्हणजे मला माहीतच होतं? सुमनला विचारलं, "लांबवून म्हणाला की तोडून? आधी श्वास घेतला होता का?"

"अहो, सुरू झालं का परत!" सुमन ओरडली. मी गप्प बसलो. ते मात्र खरंच गप्प बसलो. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तीन तासांच्या उपासनेत पहिल्या बाकावर बसलो आणि मागं कोण उशिरा आलं ते एकदाही वळून बघितलं नाही. मान अवघडली माझी.

*

ईस्टरची पहाटेची उपासना झाली. सगळ्यांशी हात मिळवले, घरी आलो. सुमननं पाच जणांचं मटण टाकलं होतं. घरात आम्ही दोघं. मी भांड्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं. मी काही विचारलं नाही.

अकराच्या सुमाराला फाटक वाजलं. बाहेर अमोल, सून आणि मधे पिवळ्या फ्रॉकमधली परी. मी तसाच अनवाणी बाहेर गेलो. अमोल फाटकाच्या आत आला आणि तिथंच थांबला. जाड झालाय. कानाशी पांढरे केस आलेत. 

परी मात्र सरळ पायरीपाशी आली आणि दोन्ही हात आडवे पसरून उभी राहिली.

मला वाटलं, उचलून घ्या म्हणते. मी वाकलो.

"आधी तपासा ना!" ती म्हणाली. "पप्पा म्हणले, आजोबा सगळ्यांना तपासतात."

"परी!" सून ओरडली आणि पदर तोंडाला लावला. सुमन दारात पळी घेऊन उभी होती. अमोल रस्त्याकडं बघत होता.

मी खाली बसलो. गुडघे कडाकडा वाजले. मग फ्रॉकचा एक खिसा बघितला. दुसरा बघितला. बाही बघितली. तिला गुदगुल्या झाल्या, ती खिदळायला लागली, पण हात तिनं खाली घेतले नाहीत.

"काय सापडलं?"

"काही नाही," मी म्हणालो. मग परत एकदा मोठ्यानं म्हणालो, फाटकापर्यंत जाईल असा. "काहीच सापडलं नाही! काही नव्हतंच!"

"आता पप्पांचं!" परी टाळ्या पिटत म्हणाली.

अमोलनं हातातली पिशवी खाली ठेवली, पायरीपर्यंत आला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला.